वळवाच्या दिवशी येरळवाडीचा माळ : पक्षीनिरीक्षणाची फेरी रद्द करावी का?

येरळातीर | सोमवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी,

चैत्रात पक्षीनिरीक्षणाची फेरी ठरवावी आणि आदल्या रात्री ढग दाटून यावेत, हे आपल्या सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात नवे नाही. अशा वेळी गटावर पहिला निरोप येतो तो फेरी रद्द करण्याचा. पावसात पक्षी दडून बसतात, दुर्बिणी भिजतात, मग उगाच पायपीट कशाला, असा त्यामागचा विचार असतो. काल असा निरोप फिरल्यानंतरही आम्ही काही जण वडूजहून येरळवाडीच्या तलावावर आणि तेथून वरच्या माळावर गेलो. दिवसभर सरी येत-जात राहिल्या. जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, वळवाच्या दिवशी पक्षी कमी होत नाहीत, त्यांचे वेळापत्रक बदलते. आपण मात्र कोरड्या दिवसाच्या वेळापत्रकाने चालत राहतो आणि हात हलवत परत येतो. हे जरा सविस्तर लिहितो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना नेमके बोट ठेवता येईल.

परिसर ठाऊक नसलेल्यांसाठी थोडेसे. हा तलाव खटाव तालुक्यात येरळा नदीवर आहे; हीच येरळा पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. याच तालुक्यातील मायणी परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात तेव्हा तलावाकाठी मोटारींची रांग लागते, पण चैत्रात कोणी फिरकत नाही. भोरड्यांचे मोठे थवे आणि भोवत्ये तोवर उत्तरेकडे निघून गेलेले असतात, शाळू काढून कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात आणि माळ नुसता पिवळा दिसतो. अशा माळावर काय पाहायचे, असे विचारणाऱ्यांनी तेथील बहुतेक स्थानिक पक्ष्यांची वीण याच दिवसांत चालू असते, हे लक्षात घ्यावे.

सकाळी धरणाच्या भिंतीजवळ पोहोचलो तेव्हा ऊन नव्हते आणि उकाडा मात्र भरपूर होता. पाण्यावर हळदी-कुंकू बदकांच्या काही जोड्या, काठाला शेकाटे आणि गाळात चोच खुपसत चालणारे पांढरे शराटी एवढाच ऐवज होता. गायबगळ्यांच्या डोक्यावर आणि पाठीवर विणीचा केशरी रंग चढू लागला होता. पाऊस येण्यापूर्वीची ही पंधरा-वीस मिनिटे मला फार मोलाची वाटतात. भिंतीच्या वर उंच फिरणाऱ्या पाकोळ्या हळूहळू खाली आल्या आणि शेवटी आमच्या गुडघ्यांच्या उंचीवरून, गवताला जवळजवळ घासून जाऊ लागल्या. हवेतील कीटक ज्या थरात असतात त्या थरात पाकोळ्या असतात, आणि पावसाळी हवेत तो थर खाली येतो. एरवी आकाशात नुसता कोयत्यासारखा आकार दिसणाऱ्या या पक्ष्याची पांढरी कंबर आणि पांढरा गळा दुर्बिणीशिवाय पाहायचा असेल, तर याहून चांगली संधी मिळत नाही.

पहिली सर वाऱ्यासह आली. त्या दहा-पंधरा मिनिटांत खरोखरच काही दिसत नाही, आणि पावसात पक्षी नसतात हा समज नेमका याच दहा-पंधरा मिनिटांवर उभा आहे. लोक सर चालू असताना गाडीत बसतात आणि ती थांबली की घरी निघतात. खरे तर तेव्हाच खाली उतरून झाडांचे शेंडे पाहायला हवेत. भिजलेला पक्षी आतल्या पानांत बसून राहत नाही; तो उघड्या, वठलेल्या फांदीवर येतो, पिसे फुलवतो, पंख अर्धवट पसरतो, शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीला चोच लावतो आणि ते तेल एकेका पिसावर फिरवतो. या कामात तो इतका गुंतलेला असतो की माणसाची दखल एरवीपेक्षा उशिरा घेतो. एका वठलेल्या हिवरावर आम्हाला कोतवाल, होले, नीलपंख आणि नुसत्या आवाजानेच ओळखीचा असलेला तांबट असे सगळे एकाच वेळी बसलेले सापडले. नीलपंख पाठ उन्हाकडे करून बसला होता आणि ओल्या पंखांतील निळा रंग काळपट वाटत होता. वाळत गेला तसा तो उजळत गेला.

माळाकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर एक मोरी आहे. तिच्या तोंडाशी पाणी साचले होते आणि कडेच्या ओल्या मातीवर लालबुड्या भिंगऱ्या उतरल्या होत्या. भिंगरी जमिनीवर बसलेली सहसा दिसत नाही, म्हणून आम्ही तेथे बराच वेळ थांबलो. चिखल लागू नये म्हणून ती दोन्ही पंख वर उचलून धरते, मान तिरकी करून चोचीने माती खरवडते, वाटाण्याहून लहान गोळा करते आणि सरळ मोरीच्या छताखाली जाते. छताला आदल्या वर्षीच्या घरट्याचे कडे शिल्लक होते आणि त्या फिकट, वाळक्या मातीच्या काठावर नव्या गोळ्यांची गडद, ओली रेघ स्पष्ट दिसत होती. प्रत्येक गोळा ठेवताना ती डोके किंचित थरथरवून तो दाबून बसवत होती. सुगरणीला हिरवे गवत लागते, म्हणून ती पावसाळ्याची वाट पाहते. भिंगरीला ओला चिखल लागतो आणि पाणवठ्यापासून दूर असलेल्या अशा मोरीजवळ चैत्रात तो फक्त वळीवच देतो. कोरड्या दिवशी आम्ही त्या मोरीवरून न थांबता गेलो असतो.

वरच्या माळावर डोंबारी पक्ष्यांचे नर गात होते. थोडे वर चढायचे, पंख मिटून शीळ घालत दगडासारखे खाली यायचे आणि जमीन जवळ आली की पुन्हा वर जायचे, असा त्यांचा क्रम सर थांबल्या-थांबल्या सुरू झाला. माळटिटवी मात्र जमिनीवरच होती. डोक्यावर काळी टोपी, चोचीच्या बुडाशी पिवळे गल, म्हणजे लोंबती कातडी, आणि मातीच्या रंगाचे अंग. दुसरी सर आली तेव्हा आम्ही गाडीतून तिला पाहत होतो. ती वाऱ्याकडे तोंड करून, पंख बाजूंना जरा सैल सोडून बसून राहिली. पाणी पाठीवरून ओघळून दोन्ही बाजूंच्या मुरमात जात होते. तिच्याखाली अंडी असणार हे उघड होते. मुरमातला उथळ खळगा, भोवती चार खडे आणि बहुधा चार अंडी, एवढेच टिटवीचे घर असते. वैशाखाच्या उन्हात हीच टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते; काल तिला उलटे, अंडी कोरडी राखण्याचे काम होते. आम्ही जवळ गेलो नाही आणि जागाही येथे सांगत नाही.

दुपारनंतर मुरमाच्या एका भेगेतून पंखांची वाळवी निघाली. त्याचे वर्णन लांबवत नाही, कारण पहिल्या पावसानंतर हे दृश्य सर्वांनी अंगणातल्या दिव्याखाली पाहिलेले असते. एकच गोष्ट सांगतो : घारी पायाने किडा पकडून उडता उडताच तो चोचीकडे नेत होत्या आणि त्यांच्या खाली कोतवाल, वेडे राघू आणि मैना आपापल्या उंचीवर वाटणी झाल्यासारख्या खात होत्या.

सोयीच्या दोन गोष्टी. चालायचे ते मुरमाड वाटेने, काळ्या रानातून नव्हे. काळी माती बुटांना अशी धरते की पाय उचलवत नाही. आणि विजेची भीती खरी आहे. माळावर एकट्या बाभळीखाली आसरा घेणे सर्वांत वाईट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. गडगडाट ऐकू आला की गाडीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. रेंगाळण्याचा माझा सल्ला विजा नसलेल्या सरींपुरताच आहे.

इतरांचा अनुभव काय आहे? सांगलीकडच्या मंडळींनीही लिहावे.

आठबायबेचाळीस | सोमवार, रात्री १०.०२

लेख आवडला, पण निष्कर्षाबाबत शंका आहे. आपण दोन गोष्टी एकत्र करत आहात. पक्षी अधिक दिसणे वेगळे आणि तेच पक्षी अधिक वेळ, अधिक उघड्यावर दिसणे वेगळे. वठलेल्या हिवरावर आलेले सगळे पक्षी तेथलेच होते. ते फक्त वर आले. दिवसाची यादी केली असती तर ती कोरड्या दिवसाच्या यादीपेक्षा लहानच भरली असती, असे मला वाटते, कारण सरींमध्ये तास-दीड तास गेला आणि आवाजावरून होणारी नोंद तर वाऱ्यापावसात जवळजवळ बंदच असते.

दुसरे म्हणजे काही पक्ष्यांसाठी वळीव हा निरीक्षकाचा शत्रू आहे. पखुर्डीचे उदाहरण घ्या. चैत्र-वैशाखात पाणवठे मोजके उरतात आणि पखुर्ड्या सकाळी ठरलेल्या वेळी थव्याने तेथे येतात; आपण पाणवठ्यापासून दूर दबून बसलो की काम होते. एक दणदणीत सर झाली की माळावर प्रत्येक खळग्यात पाणी साचते आणि पुढचे काही दिवस त्या ठरलेल्या जागी त्यांची वाट पाहण्यात अर्थ राहत नाही. आपल्याला काल पखुर्डी दिसली का?

येरळातीर | सोमवार, रात्री १०.४०

पखुर्डी दिसली नाही, फक्त वरून जाताना तिचा आवाज आला. आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध आहे असे मला वाटत नाही. यादी लहान भरली असती हेही मान्य. पण यादी हाच फेरीचा हिशेब मानायचा का, हा माझा मूळ प्रश्न आहे. कोरड्या सकाळी आपण माळटिटवी पाहतो, नोंदवतो आणि पुढे जातो. काल तिच्याजवळ थांबावे लागले, कारण पावसामुळे पुढे जाता येत नव्हते, आणि म्हणून ती काय करते हे पाहायला मिळाले. मला विचाराल तर नोंदींच्या अ‍ॅपांनी आपल्याला चालायला शिकवले आहे आणि थांबायचे मात्र आपण विसरत चाललो आहोत.

आठबायबेचाळीस | सोमवार, रात्री १०.५५

थांबण्याला माझा विरोध नाही, पण अ‍ॅपांना दोष देऊ नये. तेथे थांबूनही नोंद करता येते आणि वेळ व अंतर लिहिले तर त्या नोंदीला किंमतही अधिक येते. शिवाय पावसाळी दिवसांच्या नोंदी मुळातच कमी असल्यामुळे आपली कालची नोंद उलट उपयोगी आहे. सर कधी आली आणि कधी थांबली, हे टिपणात लिहून ती जरूर चढवा. घरट्याची जागा वगळा.

साहित्याबाबत एक भर घालतो. ढगाळ प्रकाशात दहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा ८×४२ बरी पडते. समोरच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आणि मोठे करण्याची पट ८, म्हणजे डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा; १०×४२ मध्ये तो ४.२ मिलिमीटरच राहतो. भर उन्हात हा फरक कळत नाही, ढगांखाली कळतो. गाडीतील गार हवेतून दमट हवेत दुर्बीण काढली की भिंगांवर वाफ धरते, म्हणून माळ जवळ आला की गाडीच्या काचा आधीच उघडाव्यात. बनियनच्या टोकाने भिंग पुसणाऱ्यांना मात्र मी काही सांगू इच्छित नाही.

मिरजेचीमैना | मंगळवार, सकाळी ७.३०

आमच्याकडे तासगाव-कवठेमहांकाळ भागात या दिवसांत ढग आले की पक्षी कोणाला आठवत नाहीत. बेदाणा शेडवर असतो आणि त्याला पाणी लागले तर काळा पडून भाव पडतो. त्यामुळे मला वळीव आवडतो असे मोठ्याने म्हणण्याची सोय नाही. तरीही शनिवारी दुपारच्या सरीनंतर दंडोबाच्या डोंगरावर गेले होते. मंदिराच्या वाटेवर एका बोरीवर शिक्र्यासारखा पक्षी बसला होता आणि चार-पाच बुलबुल त्याच्या भोवती ओरडत होते. छायाचित्र जोडले आहे. ओल्या पिसांमुळे आकार नीट कळत नाही. पाठ राखी, छातीवर तांबूस रंग, पोटावर पट्टे, शेपटीवर रुंद पट्टे. हा शिक्राच ना? बुलबुल इतके चिडले आहेत म्हणजे शिक्राच असणार, असे बरोबरचे सगळे म्हणत होते.

आठबायबेचाळीस | मंगळवार, सकाळी ८.१०

हा पावश्या आहे. चोच पाहा : सरळ आणि बारीक आहे, शिक्र्याची चोच आखूड आणि खाली वळलेली असते. डोळ्याभोवती पिवळे कडे आहे. गळ्याच्या मधोमध शिक्र्याला असते तशी उभी गडद रेघ नाही. पायही नाजूक आहेत, पकडणारी नखे नाहीत. बुलबुलांची चूक समजण्याजोगी आहे, कारण पावश्याचा रंग आणि उडण्याची ढब शिक्र्याशी मिळतीजुळती असते आणि लहान पक्षी त्याला शिकारी समजूनच हाकलतात.

येरळातीर | मंगळवार, सकाळी ८.४५

सहमत. ताई, त्याच परिसरात सातभाई होते का? पावश्या स्वतः घरटे बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते आणि दोघांचीही अंडी निळी असतात. पुढच्या महिन्याभरात तेथे सातभाईंच्या थव्यामागे अन्नासाठी सतत ओरडत फिरणारे वेगळ्याच अंगलटीचे पिल्लू दिसले, तर जरूर कळवा.

मिरजेचीमैना | मंगळवार, सकाळी ९.०५

सातभाई भरपूर आहेत, वाटेच्या दोन्ही बाजूंना. आता लक्ष ठेवीन. आणि हो, पाऊस थांबल्यावर तो ओरडतही होता; सूर चढत चढत जातो आणि मध्येच तोडल्यासारखा थांबतो, तो आवाज. पण आवाज एका झाडावरून आणि हा पक्षी दुसऱ्या झाडावर, त्यामुळे मी दोन्हींची सांगड घातली नाही.

वाटसरू_औंध | मंगळवार, दुपारी १.२०

पावश्या ढगाळ दिवशी दिवसभर आणि चांदण्या रात्रीही ओरडतो. औंधला यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे घर आहे, तेथे या दिवसांत त्याच्यामुळे झोप लागत नाही. शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देणारा म्हणून त्याचे कौतुक करणाऱ्यांनी रात्री दोन वाजता ते येथे येऊन करावे.

पक्ष्यांवरून पावसाचा अंदाज बांधण्याविषयीही कोणी लिहावे. आमच्या वडिलांच्या पिढीत कावळ्याने घरटे शेंड्याला बांधले की पाऊस ओढ देणार आणि झाडाच्या मध्यावर, दाट फांद्यांत बांधले की चांगला पाऊस होणार, असे मानत. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस जास्त, नदीच्या पात्रात घातली तर कमी, असेही म्हणत.

येरळातीर | मंगळवार, रात्री ८.३०

हे ठोकताळे मीही ऐकले आहेत, पण त्यांवर माझा विश्वास नाही. कावळ्याचे घरटे कोठे होते हे झाड कोणते आहे यावर अवलंबून असते, आणि गावाजवळची मोठी झाडे तोडली गेली की मध्यावर बांधण्याची सोयच उरत नाही. टिटवी तर एकाच माळावर उंचवट्यावरही आढळते आणि खळग्यातही. मग कोणत्या टिटवीचे ऐकायचे? तरीही त्या पिढीला टिटवीचे घरटे कोठे आहे हे ठाऊक असे, ही गोष्ट ठोकताळ्यापेक्षा मोठी आहे. आज किती जणांना आपल्या शेतातले घरटे ठाऊक असते?

कोरडवाहू | मंगळवार, रात्री ९.५०

ठाऊक असते. मी एवढ्याचसाठी येथे लिहीत आहे.

माझे रान याच भागात आहे, तलावाच्या वरच्या अंगाला. काही एकर काळे आणि बाकीचा माळ. आपण सगळे वळवानंतर काय दिसते याविषयी लिहीत आहात. आमच्याकडे वळवानंतर काय होते ते सांगतो. पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत वाफसा येतो, म्हणजे जमीन फार ओली नाही आणि फार कोरडी नाही अशी होते. तोच नांगरटीचा दिवस. तो दिवस चुकला की ऊन पुन्हा जमीन आवळून टाकते आणि ट्रॅक्टरचा फाळ ढेकळे काढतो. त्यामुळे वळीव झाला की सगळा गाव एकदम ट्रॅक्टर शोधायला लागतो. आपण ज्या टिटवीला रविवारी अंडी कोरडी राखताना पाहिले, ती कोणाच्या तरी पडक रानात असेल, तर बुधवारी किंवा गुरुवारी तेथे नांगर जाणार आहे. पावसाने तिचे अंडे बुडत नाही, मुरूम पाणी शोषून घेतो. नांगराने मात्र राहत नाही.

पूर्वी बैलांच्या नांगरामागे माणूस चालत असे, टिटवी ओरडायला लागली की त्याला कळत असे आणि तो तेवढी जागा सोडून नांगर वळवत असे. माझे वडील असे करीत. ट्रॅक्टरच्या आवाजात टिटवीचे ओरडणे ऐकू येत नाही. आता तर उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचे पाणी तालुक्यात फिरले आहे, त्यामुळे ज्या माळावर कोणी मेंढरांशिवाय काही नेत नव्हते तोही फोडून डाळिंब लावणे चालू आहे. मी स्वतः यंदा दीड एकर माळ फोडणार आहे. मला त्याची लाज वाटत नाही, आमच्या दोन पिढ्या पाण्याची वाट पाहत होत्या. पण टिटवी आपल्या रानात आहे आणि ती कोठे बसते हे मला माहीत आहे. तर आता काय करावे, हे येथील जाणकारांनी सांगावे. पक्षी वाचवा, असे मोघम नको.

येरळातीर | मंगळवार, रात्री १०.२५

आपल्या या प्रतिसादाने धाग्याचा विषयच पुढे नेला, मनापासून आभार. मोघम बोलत नाही. काळ्या रानातील नांगरटीसाठी उपाय सोपा आहे : घरट्याभोवती चार-पाच पावलांचा तुकडा न नांगरता सोडावा. टिटवी ओरडून दूर जाते, पण ट्रॅक्टर गेल्यावर बहुधा परत येऊन बसते. पिल्ले अंड्यांतून निघाली की थोड्याच वेळात चालू लागतात आणि आईबरोबर ती जागा सोडतात, त्यामुळे तुकडा कायमचा सोडावा लागत नाही. उबवणीला जवळजवळ महिना लागतो.

आठबायबेचाळीस | मंगळवार, रात्री १०.४५

यात एक सावधगिरी हवी. जागा लक्षात राहावी म्हणून काठी रोवू नका, चिंधी बांधू नका आणि दगडांचे कडेही करू नका. कावळे आणि कुत्री अशा खुणा फार लवकर ओळखतात, आणि एकदा छायाचित्र काढणाऱ्यांना कळले की मग त्यांचीही रांग लागते. बांधावरचे एखादे झाड आणि समोरचा विजेचा खांब यांच्या रेषेवर जागा ध्यानात ठेवावी आणि चालकाला स्वतः उभे राहून दाखवावी.

कोरडवाहू | बुधवार, सकाळी ६.४०

काळ्या रानाचे जमेल, त्यात अडचण नाही. चार-पाच पावलांनी माझे काही बिघडत नाही. प्रश्न माळाचा आहे. माळ फोडायला जेसीबी लागतो, तो सपाट करताना मध्ये तुकडा सोडता येत नाही, कारण पातळी बिघडते आणि पुढे ठिबकच्या नळ्या टाकताना त्रास होतो. यंत्र शुक्रवारी येणार असे ठरले आहे. अंडी कधी घातली हे मला सांगता येत नाही, म्हणजे अजून आठ दिवस लागतील की पंचवीस, हे कळण्याचा मार्ग नाही. अंडे पाण्यात टाकून पाहा, असे एकाने सांगितले, पण हात लावायची माझी तयारी नाही.

येरळातीर | बुधवार, सकाळी ७.१५

हात न लावण्याचा आपला निर्णय अगदी योग्य आहे. टिटवीच नव्हे, त्याच माळावर धाविकही असू शकेल. पायांवर उंच, तांबूस रंगाचा, डोळ्यामागे पांढरी रेघ असलेला, थोडे धावून एकदम उभा राहणारा पक्षी आपण पाहिला असेल. त्याचीही अंडी याच दिवसांत उघड्या जमिनीवर असतात आणि ती टिटवीपेक्षाही दिसायला अवघड. म्हणून एका घरट्यापुरते न पाहता दीड एकराचेच काम पुढे ढकलता येईल का, असे विचारतो. डाळिंबाचे खड्डे आपण जूनच्या आधी घेणार आहात का?

कोरडवाहू | बुधवार, सकाळी ७.५०

खड्डे मेच्या शेवटी घेतले तरी चालतात, लागवड पाऊस लागल्यावरच आहे. धाविक आहे, मेंढरे वळवताना दिसतो. काम महिनाभर पुढे नेता येते, पण दोन गोष्टी आहेत. आता ओलीवर मुरूम मऊ आहे, काम लवकर उरकते आणि तासांचे भाडे कमी लागते. महिन्याने मुरूम दगड झालेला असेल, किंवा दुसरा वळीव येईल याचा भरवसा नाही. दुसरे म्हणजे यंत्रवाल्याला शब्द दिला आहे आणि मेमध्ये त्याला दुसरीकडून जास्त मागणी असते. जास्तीचे जे तास लागतील ते मी एकट्याने का सोसायचे, हा माझा सरळ प्रश्न आहे. आपण रविवारी येऊन बघून जाता, माळ माझा आहे.

मिरजेचीमैना | बुधवार, सकाळी ९.३०

प्रश्न रास्त आहे. आम्ही एका सहलीच्या पेट्रोलवर जेवढा खर्च करतो तेवढ्यात यंत्राचे काही तास नक्की भागतील. फरकाची रक्कम आपण पाहणाऱ्यांनी वाटून घ्यावी, असे मी सुचवते. माझा वाटा देण्याची तयारी आहे. फक्त ते पैसे पक्षी दाखवण्याचे शुल्क होऊ नये. म्हणजे पैसे दिले म्हणून कोणी त्या माळावर कॅमेरा घेऊन घुसायचे नाही, एवढे आधी ठरवावे.

आठबायबेचाळीस | बुधवार, सकाळी ९.४५

मीही तयार आहे. मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्यालाही बंदी असावी, हे त्याच अटीत घाला.

येरळातीर | बुधवार, रात्री ८.०५

दुपारी वडूजला कोरडवाहू यांची भेट झाली आणि यंत्रवाल्याशीही बोलणे झाले. माळाचे काम तो मेच्या शेवटच्या आठवड्यात करील. त्याला शुक्रवारसाठी गावातच दुसरे काम मिळाले, त्यामुळे शब्द मोडल्याचा प्रश्न उरला नाही. तेव्हा किती तास जास्त लागतील ते काम झाल्यावरच कळेल आणि तो फरक गटातील आम्ही पाच जण देऊ. काळ्या रानात उद्या सकाळी सहाला नांगर लागणार आहे. मी साडेपाचला बांधावर असेन. ज्यांना यायचे आहे त्यांनी धरणाच्या भिंतीजवळ गाडी लावून पायी यावे, रानात मोटार आणू नये. रात्री पुन्हा सर झाली तर वाफसा हुकेल आणि नांगरट एक-दोन दिवस पुढे जाईल, तसे झाल्यास पहाटे येथे कळवतो.